नंबर लावला तेव्हाचं वय

काही महिन्यांपूर्वी माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा खर्डा मॅडमकडून परत आला. पहिल्याच पानावर एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. वाक्य असं होतं: ‘इलेक्ट्रिक मोटारींचे सुरुवातीचे ग्राहक प्रामुख्याने मध्यमवयीन होते.’ खाली संदर्भ दिलेला, तक्ता जोडलेला. समासात मॅडमनी दोनच शब्द लिहिले होते: ‘केव्हाचं वय?’

मला प्रश्नच कळला नाही. वय म्हणजे वय, त्यात केव्हाचं काय? शेवटी फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, गाडी घ्यायची ठरवली तेव्हाचं, पैसे भरले तेव्हाचं, की किल्ली हातात आली तेव्हाचं? आणि पैसे भरून मधेच निघून गेले त्यांचं वय तुझ्या तक्त्यात कुठे आहे?”

या एका प्रश्नात माझे चार महिने गेले. पण प्रकरण सुधारलं ते त्यामुळेच. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत, म्हणून तो सगळा उलगडा इथे मांडते आहे. विषय इलेक्ट्रिक गाड्यांचा असला तरी अडचण कुठल्याही विषयात येऊ शकते: यादी हातात आली की आपण यादीतली माणसं मोजतो, यादीपर्यंत न पोहोचलेली विसरतो.

तक्त्यातला माणूस येतो कुठून?

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांच्या वयाबद्दलचा बराचसा अभ्यास कॅलिफोर्नियातला आहे. त्याला कारण आहे. तिथे ‘क्लीन व्हेइकल रिबेट प्रोजेक्ट’ नावाची अनुदान योजना २०१० ते २०२३ या काळात चालली. गाडी घेतल्यावर अर्ज करायचा, मग काही पैसे परत मिळायचे. ज्यांना हे अनुदान मिळालं त्यांना एक प्रश्नावली जात असे. त्यात वय, उत्पन्न, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, असे प्रश्न असत. या आणि अशा इतर सर्वेक्षणांतून जे चित्र तयार झालं ते आता सगळ्यांच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असतं: सुरुवातीचा ग्राहक बहुधा पुरुष, मध्यमवयीन, चांगल्या उत्पन्नाचा, उच्चशिक्षित आणि स्वतःच्या घरात राहणारा.

चित्र खोटं नाही. पण ते कुणाचं आहे ते नीट बघा. या तक्त्यात यायचं तर आधी गाडी हवीशी वाटायला हवी, मग ती मिळायला हवी, मग अनुदानाला पात्र ठरायला हवं, आणि शेवटी प्रश्नावली भरून पाठवायला हवी. यातल्या प्रत्येक टप्प्यावर काही माणसं गळतात. शिवाय नियमही मधेच बदलले. २०१६ पासून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांना या योजनेतून वगळलं गेलं. आता २०१५ आणि २०१७ चे तक्ते शेजारी ठेवून कुणी म्हणालं की ‘बघा, ग्राहक बदलला’, तर आधी विचारायला हवं: ग्राहक बदलला की चाळणी बदलली?

मला यातल्या एका चाळणीबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे वाट पाहणं.

पाच हजार की पन्नास?

प्रतीक्षायादी हा पुरावा म्हणून किती निसरडा असतो हे पाहायचं तर जनरल मोटर्सच्या ईव्ही-वन या गाडीकडे जावं लागतं. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये नियम केला की मोठ्या कंपन्यांनी काही प्रमाणात धूर न सोडणाऱ्या गाड्या विकल्याच पाहिजेत. त्या वातावरणात डिसेंबर १९९६ मध्ये ईव्ही-वन रस्त्यावर आली. ती विकत मिळत नसे, फक्त भाडेकराराने मिळे, आणि सुरुवातीला तीही कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनातल्या मोजक्या शहरांत. एकूण १,११७ गाड्या बनल्या. १९९९ नंतर उत्पादन थांबलं. पुढे करार संपतील तशा गाड्या परत घेतल्या गेल्या आणि बहुतेक चक्क चिरडून टाकल्या.

मग वाद पेटला: गाडीला मागणी होती की नव्हती? कंपनीचं म्हणणं असं की यादीत पाच हजार नावं होती खरी, पण प्रत्यक्ष विचारल्यावर करार करायला तयार झाले जेमतेम पन्नास. गाडीच्या चाहत्यांचं म्हणणं उलट: मागणी होती, कंपनीलाच ती पुरवायची नव्हती. २००५ मध्ये बरबँक इथे उरलेल्या ७८ गाड्यांसाठी या लोकांनी आवाराबाहेर ठिय्या दिला आणि सुमारे १९ लाख डॉलर देऊ केले. कंपनीने ते नाकारले. क्रिस पेन यांच्या २००६ च्या ‘हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?’ या माहितीपटात हा सगळा वाद आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे कुणाची बाजू घ्यायची? मी आधी घेतली होती आणि मॅडमनी तीही खोडली. पाच हजार आणि पन्नास हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. नाव नोंदवलं तो दिवस वेगळा, विचारलं गेलं तो दिवस वेगळा. मधल्या काळात माणसाने दुसरी गाडी घेतली असेल, घर बदललं असेल, नोकरी गेली असेल. आणि विचारणारा कोण, कोणत्या अटी सांगून विचारतो, यावरही उत्तर ठरतं. यादीवरचं नाव म्हणजे त्या दिवशीची इच्छा. ती इच्छा पुढे टिकली का, आणि नसेल तर का नाही, हे यादी आपणहून सांगत नाही.

३१ मार्च २०१६

ईव्ही-वनच्या यादीचा हिशोब वादात अडकला. वीस वर्षांनी मात्र एक अशी रांग लागली की तिचे आकडे कंपनीनेच वेळोवेळी जाहीर केले. म्हणूनच ती माझ्या प्रकरणाचा कणा आहे.

टेस्लाने ३१ मार्च २०१६ च्या रात्री मॉडेल थ्री ही गाडी लोकांसमोर आणली. नोंदणीची रक्कम १,००० डॉलर, मागितली तर परत मिळणारी. जाहीर किंमत ३५,००० डॉलर. गाडी अजून कुणी पाहिलीही नव्हती, तरी त्या दिवशी सकाळपासून दुकानांबाहेर रांगा होत्या. आठवड्याभरात ३ लाख २५ हजारांहून जास्त नोंदण्या झाल्या, आणि यातून पुढे सुमारे १४ अब्ज डॉलरची विक्री होऊ शकते असं कंपनीने सांगितलं.

आता आकड्यांची चाल बघा. १५ मे २०१६ पर्यंतचा जाहीर आकडा सुमारे ३ लाख ७३ हजार. तो काही वजाबाक्या करून आलेला होता: सुमारे ८ हजार ग्राहकांनी आपणहून माघार घेतली होती, आणि सुमारे ४,२०० नोंदण्या दुबार, नफेखोरांच्या वाटल्या म्हणून कंपनीने रद्द केल्या होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलेला आकडा असा: एकूण नोंदण्या ५ लाख १८ हजार, रद्द ६३ हजार, शिल्लक ४ लाख ५५ हजार. म्हणजे गाड्या घरोघरी पोहोचायला लागण्याआधीच साधारण आठातला एक माणूस रांगेतून बाहेर पडला होता. हे ६३ हजार कोण होते? या जाहीर आकड्यांत वयाचा रकाना नाही. पण रांग पुढे कशी सरकली हे माहीत आहे, आणि त्यावरून बरंच कळतं.

पहिल्या ३० गाड्या २८ जुलै २०१७ ला कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मिळाल्या. सप्टेंबरमध्ये दीड हजारांहून जास्त गाड्या बनतील असं सांगितलं होतं. जुलै ते सप्टेंबर या पूर्ण तिमाहीत बनल्या २६०. आठवड्याला ५,००० गाड्यांचं उद्दिष्ट २०१७ च्या अखेरीचं होतं, ते गाठलं गेलं जून २०१८ च्या अखेरीला.

गाड्या कमी असल्या की क्रम महत्त्वाचा होतो. इथे क्रम फक्त ‘आधी येईल त्याला आधी’ असा नव्हता. कर्मचाऱ्यांनंतर प्राधान्य होतं ते आधीपासून टेस्ला असणाऱ्यांना. त्या वेळी टेस्ला असणं म्हणजे मॉडेल एस किंवा एक्स असणं, म्हणजेच याच्या दुप्पट किमतीची गाडी आधीच दारात उभी असणं. शिवाय सुरुवातीला बनत होती ती फक्त लांब पल्ल्याची बॅटरी आणि महागडं पॅकेज असलेली आवृत्ती, किंमत ४९,००० डॉलर. ३५,००० वाली गाडी प्रत्यक्ष विक्रीला आली फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी. नोंदणीपासून जवळजवळ तीन वर्षांनी. आणि एप्रिलमध्ये ती वेबसाइटच्या यादीतून काढलीही गेली.

याच काळात आणखी एक घड्याळ चालू होतं. अमेरिकेचं केंद्र सरकार इलेक्ट्रिक गाडीवर ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत देत असे, पण एखाद्या कंपनीच्या देशातल्या विक्रीने दोन लाखांचा टप्पा ओलांडला की ती सवलत पायरीपायरीने उतरायची. टेस्लाने हा टप्पा जुलै २०१८ मध्ये ओलांडला. १ जानेवारी २०१९ पासून सवलत ३,७५० डॉलर झाली, जुलैपासून १,८७५, आणि २०२० मध्ये शून्य.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघांनीही ३१ मार्च २०१६ ला एकाच रांगेत उभं राहून हजार डॉलर भरले. एकाकडे पैसे होते. त्याने २०१८ मध्ये ४९,००० वाली गाडी घेतली आणि ७,५०० ची सवलत मिळवली. दुसऱ्याने हिशोब मांडला होता ३५,००० वजा ७,५००, म्हणजे २७,५०० चा. तो थांबला. मार्च २०१९ मध्ये त्याची गाडी आली तेव्हा हिशोब झाला होता ३१,२५० चा. ज्याला थांबणं भाग होतं त्यालाच थांबण्याची किंमत मोजावी लागली. त्यातला कुणी कंटाळून पैसे परत घेऊन गेला असेल, तर ‘त्याला इलेक्ट्रिक गाडीत रस नव्हता’ असं आपण म्हणू शकतो का? तक्ता मात्र तेच म्हणतो, कारण तक्त्यात तो नाहीच.

एक छोटं गणित

हे वयाशी कसं जोडलेलं आहे ते पाहू. खालचं उदाहरण काल्पनिक आहे, फक्त समजण्यासाठी.

दहा जणांनी गाडी नोंदवली. पाच जण ३० वर्षांचे, पाच जण ५० चे. सरासरी वय ४०. दोन वर्षं गेली. मधल्या काळात तिशीतल्या तिघांनी नाव काढून घेतलं: एकाला मूल झालं, एकाला घराचा हप्ता सुरू झाला, एक दुसऱ्या शहरात भाड्याच्या घरात गेला, तिथे चार्जिंगची सोय नाही. पन्नाशीतले पाचही थांबले. आता गाडी मिळालेले सात: दोघे ३२ चे, पाच जण ५२ चे. सरासरी काढा: ३२४ भागिले ७, म्हणजे ४६ च्या थोडं वर.

सरासरी सहा वर्षांहून जास्त वाढली. त्यातली दोन वर्षं सगळेच दोन वर्षांनी मोठे झाले म्हणून. उरलेली चारपेक्षा जास्त वर्षं वाढली ती केवळ कोण निघून गेलं यामुळे. इच्छा तीच, गाडी तीच, पण पहिल्या दिवशी मोजलं असतं तर ‘चाळिशीतला ग्राहक’, शेवटच्या दिवशी मोजलं तर ‘पन्नाशीकडे झुकलेला ग्राहक’. माझ्या खोडलेल्या वाक्यात हा फरक कुठेच नव्हता.

आणि याचे परिणाम कागदावरच राहत नाहीत. ‘तरुणांना या गाड्या नको आहेत’ असं एकदा अहवालात आलं की अनुदान, जाहिरात, चार्जिंगच्या जागा, सगळं बंगल्यात राहणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला समोर ठेवून आखलं जातं. रांगेतून गळलेला माणूस मग धोरणातूनही गळतो.

त्या रांगेतले आपले लोक

२०१६ च्या त्या नोंदणीत भारतातलेही लोक होते. इलॉन मस्क यांनी यादीत भारताचंही नाव घेतल्यावर काही भारतीय उद्योजकांनी तेव्हाच्या दराने सुमारे ६६ हजार रुपये भरून नंबर लावला. ती मॉडेल थ्री इथे आलीच नाही. २०२५ मध्ये जुन्या नोंदण्यांचे पैसे परत करत असल्याचे ईमेल काहींना गेल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी १५ जुलैला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दालन उघडलं, पण विक्रीला होती मॉडेल वाय, सुमारे ६० लाखांपासून पुढे. ५ सप्टेंबरला देशातली पहिली गाडी घेतली ती राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, आणि ती आपल्या नातवाला भेट देणार असं त्यांनी सांगितलं.

ही बातमी वाचली तेव्हा मला हसू आलं, आणि मग मॅडमचा प्रश्न आठवला. या गाडीच्या ग्राहकाचं वय काय लिहायचं? आजोबांचं की नातवाचं?

आमच्या घरातही हेच घडलं होतं. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी १९७४ मध्ये स्कूटरला नंबर लावला तेव्हा ते ४४ वर्षांचे होते आणि माझे बाबा शाळेत होते. नंबर लागला १९८१ मध्ये. तोवर आजोबांना गुडघ्याने बेजार केलं होतं. गाडी चालवली ती बावीस वर्षांच्या बाबांनी. पुस्तकावर नाव आजोबांचं. उद्या कुणी त्या काळच्या नोंदींवरून ‘स्कूटरचे ग्राहक पन्नाशीचे होते’ असा निष्कर्ष काढला तर तो कागदावर बरोबर असेल. गावात मात्र ती स्कूटर एका कॉलेजकुमाराची म्हणूनच ओळखली जायची.

हा फक्त आमच्या घरचा किस्सा नाही. मोटारींचं वाटप १९५९ च्या आणि स्कूटरचं १९६० च्या नियंत्रण आदेशाखाली चालत असे. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरे. बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागे. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, आणि ज्यांच्याकडे तशी सोय नसे पण पैसे असत ते ‘ऑन’ देऊन दुसऱ्याचा नंबर घेत. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा दहा हजार रुपये अनामत भरून सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी नावं दिली. रांग तिथेही होती, आणि रांगेला बगल देण्याची सोयही होती. टेस्लाच्या जुन्या मालकांना मिळालेलं प्राधान्य आणि आपल्याकडचा परकीय चलनाचा रस्ता यांचे नियम वेगळे, पण दोन्हीकडे आधीच बऱ्या स्थितीत असलेला माणूस पुढे सरकला.

अलीकडचंच बघायचं तर आकुर्डीच्या बजाजने चेतक हे जुनं नाव इलेक्ट्रिक स्कूटरला दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये ती पुणे आणि बंगळुरूसाठी आणली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा नोंदणी उघडली ती ४८ तासांत बंद करावी लागली, इतकी मागणी आली. त्या दोन दिवसांत मोबाइल हातात घेऊन बसू शकणारा माणूस आणि पुढच्या आठवड्यात चौकशीला दुकानात जाणारा माणूस, यांच्या वयात फरक असेल की नाही? मला वाटतं हा एखाद्याच्या पीएच.डी.च्या प्रकरणाचा प्रश्न आहे. घ्या कुणीतरी.

तुमच्या कामात याचं काय करायचं?

तुमचा विषय शिष्यवृत्ती असेल, म्हाडाची सोडत असेल, गॅस कनेक्शन असेल किंवा रुग्णालयातली प्रतीक्षायादी. कुठलीही यादी समोर आली की मी आता चार तारखा लिहून काढते: इच्छा कधी झाली, नाव कधी नोंदवलं, वस्तू कधी मिळाली, आणि मोजणी कधी झाली. प्रत्येक तारखेसमोर दोन गोष्टी लिहायच्या: तेव्हा यादीत किती जण होते, आणि मधल्या काळात बाहेर पडलेल्यांची नोंद कुठे सापडेल. कंपनीचे भागधारकांसाठीचे अहवाल, रद्द नोंदण्यांचे आकडे, परताव्याच्या पावत्या, वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रं, घरोघरच्या ट्रंका. जिथे नोंद सापडत नाही तिथे तसं स्पष्ट लिहायचं आणि वाक्य तेवढ्यापुरतंच ठेवायचं. मोजलेली माणसं आणि हवीशी वाटलेली माणसं या दोन वेगळ्या संख्या आहेत, हे एकदा मनावर ठसलं की अर्धं काम झालं.

माझं वाक्य आता असं आहे: ‘ज्यांना गाडी मिळाली आणि ज्यांनी अनुदान घेऊन प्रश्नावली भरली, अशा कॅलिफोर्नियातल्या सुरुवातीच्या ग्राहकांत मध्यमवयीनांचं प्रमाण मोठं होतं, नोंदणी करून माघार घेतलेल्यांचं वय या साधनांतून कळत नाही.’ लांबलचक आहे, देखणं तर मुळीच नाही. पण व्हायवाला त्यावर कुणी बोट ठेवलं तर उत्तर देता येईल.

जाता जाता एक काम देते. घरातल्या मोठ्यांना विचारा: स्कूटर, फोन, गॅस, मोटार, कशाला तरी नंबर लावला होता का? लावला तेव्हा वय किती, मिळाली तेव्हा किती, आणि वापरली कुणी? उत्तरं लिहून ठेवा, आणि जमलं तर खाली कळवा. आजोबांची नोंदणीची पावती मला अजून सापडलेली नाही. आई म्हणते, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल.